उंच इमारती आणि उंबऱ्याबाहेरची जागा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात एखाद्या उपयुक्त विषयावर व्याख्यान व्हावे, हा आपल्या मंडळाचा जुना परिपाठ आहे. या वर्षी विषयाची निवड चिटणीसांनी आमच्यावरच सोपविली, तेव्हा दूरचा विषय शोधण्याचे कारण उरले नाही. आपल्या ज्ञातीच्या सहकारी गृहसंस्थेची दादरची इमारत आणि तिच्या तळमजल्यावरील मंडळाचे सभागृह यांच्या पुनर्विकासाचा मसुदा सभासदांपुढे आहे. उपस्थितांपैकी पुष्कळांच्या राहत्या घरांबाबतही, मग ती गिरगावात असोत, पार्ल्यात असोत की डोंबिवलीत, हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. आमचे आयुष्य इमारती बांधण्याच्या व तपासण्याच्या कामात गेले. त्या अनुभवाच्या आधारे, उंच इमारती कशा आल्या, त्यांनी शहरास काय दिले व काय नेले, आणि करारावर सही करण्यापूर्वी आपण काय मागून घ्यावे, एवढ्यापुरतेच बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. उंच इमारत म्हणजे अनिष्ट, असे आमचे मत नाही. आपल्या इमारतीच्या जिन्याखालची तुळई ज्यांनी निरखून पाहिली असेल, त्यांना नव्या बांधकामाची आवश्यकता सांगणे नलगे. काँक्रीटमधील सळई गंजत नाही, ती सिमेंटच्या क्षारधर्मामुळे. परंतु वर्षानुवर्षे हवेतील कर्बवायू आत झिरपतो, समुद्राकडील वाऱ्याबरोबर मीठ येते, आणि हा क्षारधर्म हळूहळू नाहीसा होतो. मग सळईवर गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक असल्याने तो आतून रेटा देतो आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर पडतो. आपण ज्यास ‘पोपडे आले’ असे म्हणून वरून गिलावा करून घेतो, तो रोग असा हाडात असतो. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्याने आवश्यक आहे, ती याच कारणाने. डॉकयार्ड रोड येथील पालिकेच्या कर्मचाऱ्यांची इमारत 2013 साली कोसळून 61 माणसे दगावली, हे आपणांस स्मरत असेलच. जुन्या वास्तूवरील प्रेमापोटी माणसांना धोक्यात ठेवावे, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो तिच्या जागी काय उभे राहावे, हा.

आपल्या पूर्वजांनी शिखरे बांधली, दीपमाळा बांधल्या, विजापुरास गोलघुमट उभा राहिला. परंतु या उंच वास्तूंत कोणास बिऱ्हाड थाटावयाचे नव्हते. राहावयाच्या घराची उंची माणसाच्या पायांनी ठरविली होती. चार-पाच जिने चढून वर पाणी नेणे यापलीकडे कोणाची शक्ती जात नसे, आणि त्यामुळे जगात सर्वत्र वरचा मजला हलका समजला जाई. हे मान उलटले ते लिफ्टमुळे. दोर तुटला तरी पाळणा खाली येऊ नये, अशी युक्ती एलिशा ओटिस याने शोधली व 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यावर उभे राहून, दोर कापवून, ती लोकांना दाखविली. पुढे 1885 साली शिकागो येथे दहा मजल्यांची होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी राहिली. तिचा भार मुख्यत्वे लोखंडाच्या सांगाड्याने पेलला होता. तोवर भार भिंती वाहत असत, आणि मजले वाढवावेत तसतशी तळाची भिंत जाड करावी लागे. सांगाडा आल्यावर भिंत ही केवळ पडदा झाली.

त्यानंतरची अडचण वाऱ्याची. वजन सरळ खाली उतरते, त्याचा हिशेब सोपा असतो. परंतु उंची वाढली की वारा इमारतीस आडवा ढकलतो, आणि त्यास तोंड देण्यासाठी लागणारे लोखंड मजल्यांच्या प्रमाणाहून फार अधिक वेगाने वाढत जाते. या कोड्याचे उत्तर दिले ते आपल्याच उपखंडातील एका अभियंत्याने. ढाक्याजवळ 1929 साली जन्मलेले फजलुर रहमान खान शिकागोत काम करीत असत. सगळा भार मधल्या खांबांवर टाकण्याऐवजी इमारतीच्या बाहेरच्या कडेलाच जवळजवळ खांब रचून तिला पोकळ नळीचे रूप द्यावे, असे त्यांनी सुचविले. वेळू पोकळ असून वादळात का टिकतो, हे ज्याने पाहिले आहे त्यास ही कल्पना सहज उमगेल. याच तत्त्वावर 1970 च्या सुमारास शिकागोचे शंभर मजली हॅनकॉक सेंटर झाले, आणि पाठोपाठ 442 मीटर उंचीचा सिअर्स टॉवर. दुबईचा 828 मीटरांचा बुर्ज खलिफा 2010 साली खुला झाला, त्याची बांधणी याहून पुढची असली तरी तीही याच वंशातील होय. इतक्या थोर अभियंत्याचे नाव आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात नसावे, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

आता मुंबईकडे वळू. या शहराच्या घरबांधणीस आजचे वळण लागले ते 1896 च्या प्लेगने. अंधाऱ्या, कोंदट वस्त्या हे रोगाचे मूळ आहे असे ठरून 1898 साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने पाडले अधिक व बांधले कमी, ही टीका खोटी नव्हती. तथापि सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते आणि पुढे दादर-माटुंग्याची आखीव वस्ती ही ट्रस्टचीच देणगी. हिंदू कॉलनीच्या गल्ल्या, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हे सर्व त्या आखणीतून आले. रस्ता, त्याच्या कडेला झाड, मग थोडी मोकळी जागा, आणि मग दोन-तीन मजली घर, असा तो क्रम होता. याच काळात, 1915 साली, गावदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था नोंदली गेली. आशिया खंडातील पहिली सहकारी गृहसंस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. नोकरीनिमित्त मुंबईस आलेल्या मध्यमवर्गीय माणसाने भाडेकरू म्हणून न राहता, दहा जणांत मिळून, हप्त्याहप्त्याने स्वतःच्या घराचा धनी व्हावे, ही कल्पना त्यांनी रुजविली. आपल्या गृहसंस्थेसह कितीतरी ज्ञातींच्या गृहसंस्था त्या मार्गाने गेल्या, हे आज कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

कामकरी वर्गाच्या वाट्यास आल्या चाळी. सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून 207 चाळी बांधल्या. त्यांतील खोली 160 चौरस फुटांची. एका खोलीत दोन-दोन कुटुंबे, मजल्याच्या टोकास सामायिक संडास. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांत बहुधा पुरुषच अधिक आढळतात. पहाटे चारला पाण्यासाठी उठणाऱ्या व कपडे बदलण्यास आडोसा शोधणाऱ्या स्त्रियांना विचारल्यास निराळे उत्तर येईल. वरळीच्या या चाळींतील पहिल्या 556 कुटुंबांना 2025 च्या ऑगस्टमध्ये 40 मजली इमारतींतील 500 चौरस फुटांची घरे मिळाली, तेव्हा त्यांना झालेला आनंद अगदी खरा होता. त्या आनंदास नाक मुरडण्याचा अधिकार स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या आपल्यासारख्यांना पोचत नाही.

परंतु त्या अपुऱ्या खोलीस पुरी पडत होती ती खोलीबाहेरची गॅलरी. येण्याजाण्याची वाट तीच, मुलांचा अभ्यास तिथेच, पापड-कुरडया वाळत त्या तिथेच, आणि म्हातारा माणूस दिवसभर स्टुलावर बसे तोही तिथेच. त्याच्यावर कोणी मुद्दाम लक्ष ठेवीत नसे, पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस तो पडे. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो चाळीतच सुरू व्हावा यास वास्तूच्या रचनेचेही कारण आहे, असे आम्हांस वाटते. मधला चौक आणि त्याभोवती गॅलऱ्या, म्हणजे प्रेक्षागृह आयतेच तयार! कोकणातल्या घराची पडवी, देशावरच्या वाड्याची ओसरी व चौक, आणि दादरच्या जुन्या इमारतीचा रस्त्यावरचा सज्जा ही सर्व एकाच गोष्टीची रूपे होत. घर व रस्ता यांच्यामधली ही जागा. आत घेण्याइतकी ओळख नसलेला माणूस तिथे बसू शकतो, आणि घरातले माणूस घर न सोडता बाहेर येऊ शकते. अशी जागा कोणत्याही करारात लिहिलेली नसते. म्हणूनच ती जाते, तेव्हा तक्रार करावयास हाती कागद नसतो.

ती कशी गेली, याचा इतिहास थोडा तपशिलाने सांगण्याजोगा आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूस संरक्षण मिळाले, पण मालकास दुरुस्तीत रस उरला नाही, आणि इमारती खंगत गेल्या. 1960 च्या दशकात चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधता येईल याचे प्रमाण, मुंबईत लागू झाले. त्याच सुमारास कारमायकेल रोडवर 25 मजली उषाकिरण उभी राहिली व उंच इमारतींचे युग आले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत सज्जे ठराविक मर्यादेपर्यंत या निर्देशांकात धरले जात नसत. हेतू चांगला होता: उष्ण व पावसाळी हवेच्या शहरात सज्जा असावा, त्याचा भुर्दंड कोणावर पडू नये. झाले निराळेच. बिल्डरांनी सज्जे काढले, विकले. आणि घेणाऱ्याने काचा लावून ते खोलीत घेतले. या हुशारीत आपण सर्वच सहभागी होतो. पुढे 2012 साली नियम बदलला व सज्जे, फुलझाडांचे कोनाडे हे सर्व क्षेत्रात मोजले जाऊ लागले. पळवाट बुजली हे खरे. पण सज्जासुद्धा खोलीच्याच भावाने मोजला जाणार, तर तो ठेवावा कशाला, असा विचार बळावला. आजच्या पुष्कळ नव्या इमारतींस सज्जा नाही, तो यामुळे. त्यात भर पडली ती अल्युमिनियमच्या साच्यांची. या पद्धतीत भिंती व स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात, आणि आठवड्याच्या आत मजला उभा राहतो. काम सुबक व वेगवान होते, यात शंका नाही. मात्र असा मजला एकदा ओतला की भिंत हलविता येत नाही, खिडकी वाढविता येत नाही. जुन्या घरात आपण दोन पिढ्यांत जे फेरफार केले, ते नव्या घरात होणार नाहीत. म्हणून नकाशा आधीच नीट पाहिला पाहिजे.

उंच इमारतीस ओसरी असूच शकत नाही, असे मात्र कोणी समजू नये. चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर कांचनजंगा ही 28 मजल्यांची इमारत बांधली. ती 1983 साली पुरी झाली. मुंबईत वारा व समुद्राचा देखावा पश्चिमेकडून येतो, आणि तळपते ऊन व पावसाची झोडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती ती भोवती व्हरांडा बांधून. कोरियांनी तोच व्हरांडा आकाशात नेला. इमारतीचे कोपरे कोरून काढून त्यांनी दोन मजले उंचीच्या मोठ्या गच्च्या केल्या, त्यामुळे ऊन-पाऊस खोलीपर्यंत थेट पोचत नाही आणि वारा पोचतो. ही घरे धनिकांची आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्यातील विचारास पैसा लागत नाही. खिडकी कोणत्या दिशेस असावी यास कोठे जादा सिमेंट लागते?

घराच्या उंबऱ्यावरून आता रस्त्यावर येऊ. कारण इमारतीचा उंबरा तोच शहराचाही उंबरा. गिरणगावचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. त्यांची सुमारे 600 एकर जमीन शहराच्या मध्यभागी पडून होती. 1991 च्या नियमावलीने असे ठरविले की, गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेस, एक तृतीयांश सर्वसामान्यांच्या घरांसाठी म्हाडास, व उरलेला मालकास मिळावा. या जमिनींचा एकत्रित आराखडा करण्यासाठी कोरियांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिने 1996 साली अहवाल दिला. परंतु 2001 साली नियमात असा बदल झाला की, ही वाटणी सगळ्या जमिनीची न होता, केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या भागाची व्हावी. गिरणीच्या आवारात इमारती व शेड दाटीने असत. मोकळा भाग तो केवढा! 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. जिथे मुंबईस एक भले मोठे उद्यान, नवे रस्ते व गिरणी कामगारांना घरे मिळू शकली असती, तिथे आज कुंपणाआड मनोरे आहेत. रस्ते मात्र गिरणीच्या भोंग्यावर चालत येणाऱ्या कामगारांसाठी आखलेले, तेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे मृत्यू पावली. भोवतालच्या मनोऱ्यांत नोकरीस जाणारी सहस्रावधी माणसे त्या अरुंद जिन्यावरून रोज उतरत होती. इमारतीची उंची दहापट झाली आणि जिन्याची रुंदी तीच राहिली, तर आणखी काय होणार?

याच्या उलट शिवाजी पार्क पाहा. 1925 साली पालिकेने हे मैदान लोकांना खुले केले व 1927 साली शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त त्यास हे नाव मिळाले. सुमारे 28 एकर जागा. तिथे कोणी भव्य वास्तू बांधली नाही. भोवती एक बुटका कट्टा बांधला, आणि त्या कट्ट्याने जे काम केले ते कोटी रुपयांच्या उद्यानांना साधत नाही. त्यावर बसण्यास तिकीट लागत नाही, कारण सांगावे लागत नाही, आणि शेजारी बसणाऱ्याची जात कोणी विचारीत नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरांहूनही कमी आहे, म्हणजे एक चटई पसरण्यापुरती. अशा शहरात या कट्ट्याचे मोल काय वर्णावे!

परदेशची दोनच उदाहरणे देतो. अमेरिकेत सेंट लुईस शहरी 1950 च्या दशकाच्या मध्यास प्रूइट-आयगो नावाची वसाहत पुरी झाली. अकरा मजल्यांच्या 33 इमारती, मिनोरू यामासाकी यांच्यासारखा नामांकित वास्तुशिल्पी. 1972 पासून सरकारने त्या सुरुंगाने पाडावयास आरंभ केला. लोक म्हणू लागले की उंच घरांत गरिबांना राहता येत नाही. हा निष्कर्ष उतावळा होता. बांधकामास सरकारने पैसा दिला, पण देखभालीचा खर्च भाड्यातून भागवावयाचा होता. शहरातील वस्ती घटली, भाडेकरू कमी झाले, भाडे आटले, लिफ्ट बंद पडल्या, दिवे गेले, आणि ज्यांना जाणे शक्य होते ते निघून गेले. उंच इमारतीस खरा धोका वाऱ्याचा नसून रिकाम्या तिजोरीचा असतो. आपल्या आजच्या इमारतीत एक पंप व एक टाकी आहे. वीज गेली तर आपण जिना चढतो. वीस-बावीस मजल्यांच्या इमारतीत पाणी टप्प्याटप्प्याने चढवावे लागते, आग विझविण्याचे स्वतंत्र पंप व नळ सदैव सज्ज ठेवावे लागतात, दोन-तीन लिफ्ट व जनरेटर लागतात. हे सर्व पहिली काही वर्षे नवे असते, म्हणून खर्च जाणवत नाही. पंधराव्या वर्षी लिफ्ट बदलण्याची वेळ येते, तेव्हा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाने काय करावे?

दुसरे उदाहरण सिंगापूरचे. तेथील गृहनिर्माण मंडळ 1960 साली स्थापन झाले, आणि आज त्या देशाची बहुसंख्य प्रजा त्याने बांधलेल्या उंच इमारतींत राहते. 1970 च्या दशकापासून तेथे एक प्रघात पडला. तळमजल्यावर घरे न बांधता तो खांबांवर मोकळा सोडावयाचा. त्यात वाहने लावीत नाहीत. तिथे बाके असतात, बुद्धिबळाचे पट असतात, कोठे बालवाडी असते. मलय कुटुंबांची लग्ने तिथे लागतात आणि चिनी कुटुंबातील मयताचे विधीही तिथेच होतात. लग्न व मर्तिक या दोन्हींस घराच्या खालीच, फुकट किंवा अल्प मूल्यात, जागा मिळणे ही शहरवासी माणसाची केवढी सोय आहे, हे मंडळाचे सभागृह आरक्षित करण्यासाठी ताटकळलेल्यांना सांगावयास नको. आपल्याकडेही तळमजला खांबांवर मोकळा सोडतात. पण आपण तो मोटारींना दिला. त्यांची संख्या वाढली तेव्हा मोटारींसाठी चार-पाच मजल्यांचे पोडियम चढविले, आणि माणसांचे जगणे त्यांच्या डोक्यावर सुरू केले. यान गेल नावाचे डेन्मार्कचे नगररचनाकार सांगतात की, पाचव्या मजल्याच्या वर माणसाचा रस्त्याशी संबंध तुटतो. हाक ऐकू येत नाही, चेहरा ओळखू येत नाही. आपले पहिले घरच सहाव्या मजल्यावर सुरू होणार असेल तर हिशेब ज्याने त्याने करावा.

सिंगापूरने 1989 पासून आणखी एक नियम केला. प्रत्येक इमारतीत चिनी, मलय व भारतीय कुटुंबांचे प्रमाण ठरवून दिले, म्हणजे एका समाजाची वस्ती एकीकडे साचू नये. हे ऐकून या सभेत थोडी चुळबूळ झाली, ती आम्ही पाहिली. आपल्या देशात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व स्वसमाजापुरते ठेवण्याचा उपविधी वैध ठरविला. कायद्याची बाजू ती झाली. परंतु आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्ञातीची गृहसंस्था काढली ती परक्या शहरात कोणी खोली देत नसे, म्हणून. ज्यांना खोली नाकारली गेली, त्यांच्याच नातवंडांनी इतरांना खोली नाकारावी, हे आम्हांस उचित वाटत नाही. विक्रीची घरे पैसे देईल तो घेईल, यात आपला उपाय नाही व खेदही असू नये. मात्र नव्या शेजाऱ्याशी आपली ओळख होणार कोठे? लिफ्टमध्ये सर्वजण आकड्यांकडे पाहत उभे असतात.

म्हणून आता मसुद्याकडे येतो. प्रत्येक सभासदास आजच्यापेक्षा किती अधिक चटई क्षेत्र मिळणार, यावर आजवरच्या तिन्ही सभा खर्ची पडल्या. 2016 च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली आहे. भिंतींच्या आतली जागा आता कोणास लपविता येणार नाही. भिंतींच्या बाहेरचे मात्र कोणी मोजलेले नाही. मसुद्यासोबतच्या नकाशात मंडळाचे सभागृह पोडियमच्या चौथ्या पातळीवर, मोटारींच्या मागे दाखविले आहे. वाचनालयाची जागा दाखविलेलीच नाही. मजल्यावरील लिफ्टसमोरच्या मार्गिकेस बाहेर उघडणारी खिडकी नाही, म्हणजे तिथे दिवसाही दिवा लागणार. मुलांच्या खेळाची जागा पोडियमच्या गच्चीवर आहे. तिथे झाडास माती मिळणार नाही. मनोरंजनाची किमान आवश्यक मोकळी जागा जमिनीवरच हवी, ती पोडियमवर ढकलू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली एका मुंबईच्याच प्रकरणात सांगितले होते, त्याची या ठिकाणी आठवण द्यावीशी वाटते.

आमच्या मते चटई क्षेत्रातील शेवटचे दहा-वीस फूट सोडून द्यावे लागले तरी चालतील, पण सभागृह जमिनीवर व त्याचे दार रस्त्यावर असलेच पाहिजे. आजच्या सभागृहास तीन पायऱ्या आहेत व त्या पायऱ्यांवर संध्याकाळी कोण कोण बसते ते पाहावे: आपले पेन्शनर, समोरच्या इस्त्रीवाल्याची मुले, शिकवणीस आलेल्या मुलींची वाट पाहणाऱ्या आया. चौथ्या पातळीवरच्या सभागृहात पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहिल्यावाचून कोणास येता येणार नाही. वर्षातून चार कार्यक्रमांपुरते ते उघडेल, आणि दहा वर्षांनी त्याचा उपयोग काय, म्हणून कोणीतरी ते भाड्याने देण्याचा ठराव आणील. विकासक म्हणतो की रस्त्यावरचा तळमजला दुकानांना दिल्यास अधिक उत्पन्न होईल. होईल खरे, पण ते कोणाचे, हे मसुद्यात शोधून पाहावे.

देखभालीच्या कायम निधीबाबत मसुदा एक ठोक रक्कम देऊ करतो. ही रक्कम प्रत्येक सभासदास वेगळी वाटून न घेता गृहसंस्थेच्या नावे ठेवावी आणि तिच्या व्याजातूनच खर्च व्हावा, अशी आमची सूचना आहे. वाटून घेतलेली रक्कम मुलाच्या लग्नात किंवा मोटारीत जाते. त्यात दोष नाही, पण लिफ्ट बदलण्याच्या वेळी ती नसते. मार्गिकेस खिडकी व तिच्याशेजारी दोन माणसे बसतील असे बाक, एवढे प्रत्येक मजल्यावर मागावे. हे मागणे क्षुल्लक वाटेल. परंतु बाविसाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धेचे दार दोन दिवस उघडले नाही, हे ध्यानात येण्यास त्या बाकावर कोणीतरी बसलेले असावे लागते. हे बाक पुढे अग्निशमनाच्या नियमांत अडथळा ठरू नये, म्हणून ते आताच नकाशात दाखवून मंजूर करून घ्यावे.

2019 च्या शासननिर्णयानुसार गृहसंस्थेच्या एकूण सभासदांपैकी निदान 51 टक्क्यांची संमती पुनर्विकासास लागते. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक लोक उरलेल्यांच्या वतीने पुढच्या साठ वर्षांचा निर्णय करू शकतात. यास्तव परगावी व परदेशी असलेल्या सभासदांनी कोऱ्या संमतिपत्रावर सही करून पाठविण्याची घाई करू नये. मसुदा व नकाशे मंडळाच्या कचेरीत सायंकाळी 5 ते 7 या वेळात पाहावयास ठेविले आहेत. नकाशा वाचण्याची सवय नसलेल्यांसाठी, विशेषतः ज्यांचा दिवस त्या घरात अधिक जाणार आहे अशा भगिनींसाठी, आम्ही दर शनिवारी तिथे बसणार आहोत. येताना आपल्या आजच्या घराची मापे, आणि उंबऱ्याबाहेर आपण कोणत्या जागा कशासाठी वापरता याची यादी, सोबत आणावी.